पाळीव सशाचे स्नान : स्वच्छतेच्या मानवी कल्पनेचा एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

मानवाने प्राणी पाळले, त्याबरोबरच स्वतःच्या स्वच्छतेच्या कल्पनाही त्यांना लागू केल्या. बैल, म्हैस, हत्ती, घोडा यांच्या बाबतीत या कल्पना बहुतांशी उपकारक ठरल्या. सशाच्या बाबतीत मात्र त्या अनेकदा घातक ठरतात. शहरी घरांमध्ये ससा पाळण्याची हौस वाढत असताना 'सशाला आंघोळ घालावी काय व घालावयाची तर कशी' हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी त्याच्या मुळाशी पशुपालनाचा मोठा इतिहास आहे. प्रस्तुत शोधनिबंधात रोमन काळापासून आधुनिक काळापर्यंत सशाच्या पालनाचा आढावा घेऊन त्यात पाण्याने स्नान घालण्याच्या प्रथेला आधार आहे काय, हे तपासले आहे. तसेच ही प्रथा आज कोठून आली असावी, याचीही चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : पशुपालनाचा इतिहास, ससा, स्वच्छता, स्नान, अंगोरा, प्राणी कल्याण.

प्रास्ताविक

इतिहासलेखनाचे क्षेत्र राजे, लढाया व तह यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. सामान्य माणसाचे अन्न, वस्त्र, घर, रोगराई आणि त्याच्या सहवासातील प्राणी हेही आज इतिहासाचे विषय मानले जातात. कीथ थॉमस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मॅन अँड द नॅचरल वर्ल्ड' या ग्रंथात इंग्लंडमधील माणसाची निसर्गाकडे व प्राण्यांकडे पाहण्याची दृष्टी इ.स. १५०० ते १८०० या काळात कशी बदलत गेली, हे दाखविले. हॅरिएट रिटव्हो यांचा १९८७ मधील 'द ॲनिमल इस्टेट' हा ग्रंथ व्हिक्टोरियन काळातील प्राण्यांचा विचार करतो. या अभ्यासांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. माणूस प्राण्याशी कसा वागतो यावरून त्या प्राण्याची माहिती फारशी मिळत नाही. त्या समाजाची माहिती मात्र पुष्कळ मिळते.

आपल्याकडे ससा हा बालकथेतला परिचित प्राणी आहे. सिंहाला विहिरीत स्वतःचे प्रतिबिंब दाखविणारा पंचतंत्रातील चतुर ससा, चंद्रावरील डागात दिसणारा ससा आणि त्यावरून चंद्राला मिळालेले 'शशांक' हे नाव सर्वांना ठाऊक असते. या परिचयामुळेच पांढराशुभ्र ससा घरी आणला की त्याच्याविषयी सर्व काही आपल्याला माहीत आहे, असा समज होतो. पाय मळले, अंगाला वास आला किंवा उन्हाळा सुरू झाला की त्याला बादलीत बसवून साबण लावला जातो. हेतू प्रेमाचा असतो. परिणाम मात्र कित्येकदा त्या प्राण्याच्या मृत्यूत होतो. म्हणून या प्रश्नाकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहणे आवश्यक वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सशाच्या पालनाच्या इतिहासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२. या इतिहासात सशाची स्वच्छता कशी राखली जात होती, याचा शोध घेणे.
३. सशाला स्नान घालण्याच्या आजच्या प्रथेची सांस्कृतिक कारणे तपासणे.
४. इतिहास व पशुवैद्यक यांच्या आधारे योग्य पद्धतीची मांडणी करणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

सशाला पाण्याने स्नान घालण्याची प्रथा त्याच्या पालनाच्या मूळ परंपरेतून आलेली नसून, इतर प्राण्यांच्या व माणसाच्या स्वच्छतेच्या कल्पनांतून ती सशाकडे वळलेली आहे, हे या निबंधाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध ग्रंथ व संशोधन यांचा आधार घेतला आहे.

१. एक नाव, दोन प्राणी

या विषयातील पहिला घोटाळा भाषेचा आहे. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. महाराष्ट्राच्या माळरानावर व शेताच्या बांधावर आढळणारा काळ्या मानेचा ससा हा 'लेपस' या प्रजातीतील रानससा होय. तो बिळे खोदत नाही. उघड्यावर, गवताच्या आडोशाला तो बसतो आणि त्याची पिल्ले डोळे उघडे असलेली व अंगावर केस असलेली अशी जन्मतात. याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण असून तो घरी पाळता येत नाही.

बाजारात मिळणारा पाळीव ससा हा मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातील, म्हणजे आजच्या स्पेन व पोर्तुगालमधील. त्याचे शास्त्रीय नाव 'ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस' असे आहे. तो कळपाने राहतो, जमिनीत बिळांचे जाळे खोदतो आणि त्याची पिल्ले आंधळी व केसविरहित असतात. इंग्रजीत या दोघांना 'हेअर' व 'रॅबिट' अशी वेगळी नावे आहेत. पंचतंत्रातला ससा रानससा आहे, पिंजऱ्यातला ससा परदेशी पाहुणा आहे. त्यामुळे त्याच्या पालनाची परंपरा आपल्या लोकव्यवहारात सापडत नाही. ती युरोपच्या इतिहासातच शोधावी लागते.

हा प्राणी कोरड्या, उतरत्या, निचरा होणाऱ्या जमिनीत घर करतो, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ससे पोहू शकतात, म्हणून त्यांना पाणी चालते, असा युक्तिवाद काही वेळा केला जातो. अमेरिकेच्या दलदलीच्या प्रदेशात पोहणारे ससे आहेत, हे खरे आहे; पण ते 'सिल्व्हिलॅगस' या निराळ्या प्रजातीचे आहेत. त्यांच्यावरून पाळीव सशाविषयी अनुमान काढणे म्हणजे म्हैस डुंबते म्हणून शेळीलाही डोहात लोटण्यासारखे आहे.

२. बिळातून पिंजऱ्याकडे

सशाचे जुने लिखित उल्लेख रोमन ग्रंथकारांच्या लेखनात आढळतात. इ.स. पूर्व ३७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या कृषिविषयक ग्रंथात व्हारो याने 'लेपोरारियम' म्हणजे सशांसाठी राखलेल्या बंदिस्त आवाराचे वर्णन केले असून स्पेनमधील बिळे करणाऱ्या सशाचा वेगळा उल्लेख केला आहे. पहिल्या शतकातील थोरला प्लिनी सांगतो की, बॅलिॲरिक बेटांवर सशांनी पिकांचा एवढा नाश केला की तेथील रहिवाशांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली. या काळात ससा हे मुख्यतः अन्न होते.

मात्र या सर्वसाधारण चित्राला छेद देणारा एक पुरावा अलीकडे पुढे आला. इंग्लंडमधील फिशबोर्न येथील रोमन राजवाड्याच्या उत्खननात १९६४ मध्ये मिळालेला हाडाचा एक लहान तुकडा पहिल्या शतकातील सशाचा असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्या हाडावर कापल्याच्या खुणा नव्हत्या आणि त्याच्या परीक्षणावरून तो ससा कोंडून ठेवलेला असावा, असे संशोधकांचे मत झाले. म्हणजे तो खाण्यासाठी नव्हे, तर हौसेने पाळलेला असण्याची शक्यता आहे. एका हाडावरून मोठा सिद्धांत मांडता येत नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वीही एखाद्या घरात ससा लाडाचा असू शकेल, एवढे त्यावरून म्हणता येते.

ससा माणसाळला केव्हा, याविषयी एक कथा दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतून सांगितली जात होती. इ.स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिल्ले हे मांस नव्हे असे ठरविले, त्यामुळे उपवासाच्या दिवसांत ती चालू लागली आणि ख्रिस्ती मठांतून ससेपालन सुरू झाले, अशी ती कथा. २०१८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी मूळ साधने तपासली, तेव्हा असा कोणताही आदेश आढळला नाही. तूर येथील बिशप ग्रेगरी या दुसऱ्याच व्यक्तीने लिहिलेल्या फ्रँक लोकांच्या इतिहासात एका इसमाने उपवासाच्या काळात सशाची पिल्ले खाल्ल्याची नोंद आहे. नामसाधर्म्यामुळे ती पोपच्या नावावर चढली आणि पुढे एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिल्यामुळे तिला इतिहासाचे रूप आले. सशाचे माणसाळणे ही एका दिवसाची घटना नव्हती. ती शतकानुशतके चाललेली प्रक्रिया होती, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. न तपासता पुढे चालविलेली समजूत किती काळ टिकू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. स्नानाविषयीच्या समजुतींनाही हाच न्याय लागू पडतो.

मध्ययुगात बाराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये सशांसाठी राखीव रान ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यांना 'वॉरन' म्हणत. तेथे सशांसाठी मुद्दाम मातीचे लांबट उंचवटे रचले जात. खोदण्यास भुसभुशीत व निचऱ्यास योग्य अशी जागा सशांना मिळावी, हा त्यामागील हेतू होता. मांस व कातडी ही दोन्ही मूल्यवान असल्याने मालकाचा स्वार्थ सशाच्या आरोग्यात होता आणि त्या आरोग्याची पहिली अट कोरडी जमीन ही होती, हे त्याने अनुभवाने ओळखले होते.

प्रबोधनकाळात ससा चित्रांतही येऊ लागला. इटालियन चित्रकार तिशियन याच्या १५३० च्या सुमाराच्या, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका चित्रात मेरीच्या हाताखाली पांढराशुभ्र ससा दिसतो. रानटी ससा मातकट रंगाचा असतो. पांढरा रंग माणसाच्या निवडीमुळे टिकला. या शुभ्रतेला चित्रकाराने पावित्र्याचा अर्थ दिला. पांढऱ्या रंगाची पावित्र्याशी व पावित्र्याची स्वच्छतेशी जोडलेली ही सांगड पुढे सशाला चांगलीच भोवली. करड्या सशावरील डाग कोणाच्या लक्षात येत नाही, पांढऱ्या सशावरील डाग मात्र मालकाला अस्वस्थ करतो.

३. कोरडेपणाची परंपरा

सशासारख्या प्राण्याला घरात सोबती म्हणून वाढविल्याचे एक प्रसिद्ध वर्णन इंग्रज कवी विल्यम काऊपर याने १७८४ मध्ये 'जेंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याने पाळलेले तिन्ही प्राणी रानससे होते. मनोविकाराने ग्रासलेल्या या कवीला त्यांच्या संगोपनातून विरंगुळा मिळाला. त्याने प्रत्येकासाठी वेगळा कप्पा केला होता. कप्प्याच्या तळातून घाण खाली पडेल, खाली ठेवलेल्या मातीच्या भांड्यात ती साठेल आणि ते भांडे वेळच्या वेळी रिकामे करून धुतले जाईल, अशी ती व्यवस्था होती. यामुळे ससे अगदी स्वच्छ राहत, असे तो नमूद करतो. या वर्णनात पाणी आहे, धुणे आहे. पण धुतले जाते ते भांडे, ससा नव्हे. प्रस्तुत निबंधाचा आशय या एका व्यवस्थेत सामावलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात ससा शहरी कामगार व मध्यमवर्ग यांच्या परसात आला. लोंबत्या कानांच्या, लांब केसांच्या, विशिष्ट रंगांच्या जाती तयार करण्याची व त्यांची प्रदर्शने भरविण्याची हौस वाढली. चार्ल्स डार्विन याने १८६८ मधील आपल्या ग्रंथात पाळीव सशांवर स्वतंत्र प्रकरण लिहून माणसाच्या निवडीमुळे त्यांच्या कानांत व सांगाड्यात झालेले बदल मोजून दाखविले. इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थाविषयक लोकप्रिय ग्रंथातही सशाच्या घराविषयी सूचना आहेत. त्यात कोरडी जमीन व खेळती हवा यांवर भर असून पावसाच्या पाण्यात भिजणे सशांना घातक असल्याचे सांगितले आहे. पावसात भिजणे जेथे घातक मानले, तेथे सशाला मुद्दाम भिजविण्याची कल्पना कोणाच्या मनात येणे कठीण होते.

या परंपरेचा सर्वांत निर्णायक पुरावा अंगोरा सशाचा आहे. या सशाचे केस लांब व अतिशय मऊ असतात आणि त्यापासून उंची लोकर मिळते. केस हेच उत्पन्न असल्याने ते स्वच्छ राखण्याची सर्वाधिक गरज याच सशाच्या पालकाला असणार, हे उघड आहे. मेंढीच्या बाबतीत लोकर कातरण्यापूर्वी कळप ओढ्यात धुण्याची चाल इंग्लंडमध्ये होती. मेंढीच्या लोकरीत तेलकट द्रव्य भरपूर असते व त्यात धूळ, काडीकचरा अडकतो. सशाच्या लोकरीत हे तेलकट द्रव्य अत्यल्प असते, त्यामुळे ती धुण्याची गरज फारशी पडत नाही. अंगोरा पालकांनी म्हणूनच पाण्याऐवजी फणी हाती घेतली. केस नियमित विंचरणे, मोसमाप्रमाणे ते कातरणे किंवा सुटलेले केस काढून घेणे आणि पिंजरा कोरडा ठेवणे, ही त्यांची पद्धत होती. भारतात हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात गडसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या केंद्रात अंगोरा सशांचे संगोपन झाले. थंड व कोरड्या हवेची निवड ही येथेही लक्षणीय आहे.

अंगोराचा इतिहास निष्कलंक आहे, असे मात्र नाही. जिवंत सशांचे केस उपटले जात असल्याचे चित्रीकरण २०१३ मध्ये चीनमधून बाहेर आले आणि अनेक वस्त्रविक्रेत्यांनी या लोकरीची खरेदी थांबविली. सशाच्या अंगावरील केसांवर माणसाचा हक्क कोठपर्यंत, हा प्रश्न त्या निमित्ताने ऐरणीवर आला.

४. पशुस्नानाची भारतीय परंपरा

युरोपातील ससेपालनाच्या परंपरेत स्नानाला स्थान नव्हते, तर आपल्या घरात ते आले कोठून? याचे एक उत्तर आपल्या स्वतःच्या पशुसंस्कृतीत सापडते. कौटिलीय अर्थशास्त्रातील हस्त्यध्यक्षाच्या प्रकरणात हत्तीच्या दिनचर्येत दिवसाच्या पहिल्या व सातव्या प्रहरार्धाला, म्हणजे दिवसातून दोनदा, स्नानाची वेळ सांगितली आहे. हत्तीला घाम फारसा येत नसल्याने पाणी ही त्याची शारीरिक गरजच आहे. म्हशीचेही तसेच. शेतकऱ्याच्या घरी पोळ्याच्या दिवशी बैलांना नदीवर वा ओढ्यावर नेऊन आंघोळ घालतात, शिंगे रंगवितात, अंगावर झूल चढवितात आणि पुरणपोळीचा घास देतात. वर्षभर राबणाऱ्या जनावराविषयीची ती कृतज्ञता आहे. येथे स्नान हे स्वच्छतेबरोबरच मानाचे व मायेचे प्रतीक ठरते.

अशा संस्कारात वाढलेल्या माणसाने शहरात आल्यावर आपल्या सशालाही न्हाऊ घालावे, यात नवल नाही. त्याच्या दृष्टीने आंघोळ म्हणजे माया. परंतु बैल हा कित्येक क्विंटल वजनाचा, पावसापाण्यात वावरणारा, उघड्यावर अंग वाळविणारा प्राणी आहे. ससा हा दीड-दोन किलोचा, दाट अंतर्लोम असलेला व भक्ष्य म्हणून जगण्याची सवय असलेला प्राणी आहे. प्रथा एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे गेली. देहधर्म मात्र तिच्याबरोबर गेला नाही.

५. साबण, शॅम्पू आणि ससा

दुसरे उत्तर आधुनिक प्रसाधनांच्या इतिहासात मिळते. 'शॅम्पू' हा शब्द मूळचा भारतीय आहे. हिंदीतील 'चाँपना' व मराठीतील 'चेपणे' हे त्याचे आप्त. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान व अंगमर्दनाचे स्नानगृह चालविले आणि ते राजघराण्याचे 'शॅम्पूइंग सर्जन' म्हणून प्रसिद्धीस आले. १८२२ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केले. तेव्हा शॅम्पू म्हणजे अंग चेपणे होते. केस धुण्याचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात पुढे चिकटला.

विसाव्या शतकात शॅम्पूचा सशाशी संबंध आला, पण फार वेगळ्या प्रकारे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. साबण, शॅम्पू व इतर पदार्थ सशाच्या डोळ्यात व त्वचेवर घालून त्यामुळे होणारा दाह मोजावयाचा, असे तिचे स्वरूप होते. ससा शांत असतो, सहज मिळतो, त्याचे डोळे मोठे असतात आणि माणसाच्या मानाने त्याच्या डोळ्यातून पाणी कमी येते, या सोयींमुळे त्याची निवड झाली. प्राणी हक्कांचे कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी १९८० मध्ये या चाचणीविरुद्ध अमेरिकेत मोठी मोहीम उभारली. युरोपीय संघाने २०१३ मध्ये प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवर पूर्ण बंदी आणली. भारतातही २०१४ मध्ये प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचणीस व अशा प्रसाधनांच्या आयातीस मनाई झाली.

हा इतिहास नीट पाहिला तर एक विदारक विसंगती जाणवते. माणसाचा शॅम्पू सुरक्षित आहे की नाही, हे ठरविण्यासाठी कित्येक वर्षे सशाचे डोळे पणाला लागले. त्या चाचण्यांतून माणसाला सुरक्षितता मिळाली. सशाला मात्र साबण अपायकारक ठरू शकतो, ही त्याच चाचण्यांनी अप्रत्यक्षपणे दाखविलेली गोष्ट सशाच्या मालकापर्यंत पोहोचलीच नाही. बाजारात प्राण्यांचे शॅम्पू बहुधा कुत्र्याचा विचार करून विकले जातात आणि दुकानदार तेच सशासाठी पुढे करतो. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरले जाणारे फिप्रोनिल हे औषध सशाला विषारी ठरते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

६. आधुनिक ज्ञानाचा निर्वाळा

ससा स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो. मांजराप्रमाणे तो अंग चाटतो, पुढील पंजे ओले करून तोंड व कान पुसतो. फ्रेंच पशुवैद्य मोरो याने १८८२ मध्ये सशाच्या पचनाविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. त्यांपैकी मऊ लेंड्या तो थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन पुन्हा गिळतो व त्यातून त्याला पोषण मिळते. मालकाला ही घाणेरडी खोड वाटते. सशासाठी मात्र तो जीवनक्रम आहे. मऊ लेंड्या मागील केसांना चिकटून राहिल्या, तर त्यामागे गवत कमी व धान्य वा गोड पदार्थ जास्त असा आहार, लठ्ठपणा, सांधेदुखी किंवा दातांचा विकार असतो. म्हणजे सशाचे मागील अंग घाण होणे हा बहुधा आजाराचा निरोप असतो. आंघोळ घातल्याने निरोप पुसला जातो, आजार तसाच राहतो.

सशाचे सामान्य तापमान सुमारे ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. त्याचे दाट अंतर्लोम भिजले की वाळण्यास फार वेळ लागतो आणि शरीराचे तापमान झपाट्याने उतरू शकते. त्याची त्वचा पातळ असते. त्याचा सांगाडा हलका व मागील पायांचे स्नायू बलवान असतात. त्यामुळे घाबरून झटका दिला तर त्याच्याच जोराने पाठीचा कणा मोडू शकतो. भीतीमुळे आतड्यांची हालचाल मंदावते व खाणे बंद होते, आणि सशाने दिवसभर खाल्ले नाही तर त्याचा जीव धोक्यात येतो. केस ओलसर राहिल्यास त्वचेचा दाह होतो व माश्या बसून अळ्या पडण्याची भीती असते. ओल्या सशाला यंत्राच्या गरम हवेने वाळविणेही आवाजामुळे व उष्णतेमुळे जोखमीचे ठरते.

'आमचा ससा पाण्यात शांत बसतो, त्याला आवडते', असे सांगणारेही भेटतात. या शांततेचा अर्थ समजून घेतला पाहिजे. प्राणी विशिष्ट स्थितीत धरल्यास निश्चल होतो, हे सतराव्या शतकापासून ठाऊक आहे. अथानासियस किर्शर याने १६४६ मध्ये कोंबडीवरील असा प्रयोग वर्णिला होता. ससा पाठीवर उलटा धरला की तोही निश्चल होतो. २००६ मध्ये ॲन मॅकब्राइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेचा अभ्यास केला, तेव्हा ही विश्रांती नसून भीतीची प्रतिक्रिया असल्याचे दिसून आले. शिकाऱ्याच्या तोंडी सापडलेला प्राणी जसा मेल्यासारखा पडतो, तशीच ही अवस्था होय. तेव्हा पाण्यातील सशाचा निश्चलपणा ही संमती समजणे योग्य नव्हे.

सशाला घरात माणसांबरोबर मोकळे ठेवण्याच्या आधुनिक विचाराला मॅरिनेल हॅरिमन यांच्या १९८५ मधील पुस्तकामुळे व १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'हाऊस रॅबिट सोसायटी'मुळे चालना मिळाली. या विचारधारेनेही निरोगी सशाला आंघोळ घालण्यास विरोधच केला. काऊपरच्या मातीच्या भांड्यापासून या आधुनिक संस्थेपर्यंत दोनशे वर्षांचे अंतर आहे. निष्कर्ष एकच आहे.

७. स्वच्छतेची योग्य पद्धत

वरील विवेचनाच्या आधारे व्यवहारात पुढील पद्धत सुचविता येते. सशाची जागा रोज झाडून कोरडी करावी आणि मलमूत्राचे भांडे वेगळे ठेवून ते धुवावे. मऊ केसांच्या ब्रशने किंवा फणीने आठवड्यातून एक-दोनदा व केस गळण्याच्या मोसमात रोज केस विंचरावेत. कारण चाटताना गिळलेले केस सशाला ओकता येत नाहीत. आहारात मुख्यतः वाळलेले गवत असावे. अंगावर डाग पडल्यास कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने तेवढाच भाग पुसावा आणि लगेच सुक्या टॉवेलने टिपून घ्यावा.

वृद्ध, लुळा पडलेला किंवा अतिसाराने घाण झालेला ससा हा अपवाद होय. अशा वेळी पशुवैद्याच्या सल्ल्याने उथळ कोमट पाण्यात केवळ मागील भाग धुवावा. डोके, कान व छाती भिजू देऊ नये. मागील पायांना हाताचा आधार द्यावा आणि अंग पूर्ण वाळेपर्यंत सशाला उबेत ठेवावे. ही शुश्रूषा आहे, नित्याचे स्नान नव्हे.

विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सशाला थंड पाण्यात बुडविण्याचा मोह होतो. एकदम थंड पाण्याचा धक्का त्याला सोसत नाही. सशाच्या शरीरातील उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. म्हणून त्याला सावलीत, वाऱ्याच्या ठिकाणी ठेवणे, बसायला थंड फरशी देणे, कान ओल्या बोटांनी हलकेच पुसणे आणि पिण्याचे पाणी मुबलक ठेवणे हे उपाय करावेत. धाप लागल्यास विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे.

निष्कर्ष

१. पाळीव ससा व आपला रानससा हे भिन्न प्राणी असून पाळीव सशाच्या संगोपनाची परंपरा युरोपातील कोरड्या भूमीत विकसित झाली.
२. या निबंधात पाहिलेल्या साधनांत सशाला पाण्याने स्नान घालण्यास आधार आढळत नाही. मध्ययुगीन वॉरन, काऊपरचे कप्पे, बीटन यांचा ग्रंथ व अंगोरा पालन या सर्वांत कोरडेपणावरच भर आहे.
३. आजची स्नानप्रथा माणूस, कुत्रा व बैल यांच्या स्वच्छतेच्या कल्पना सशावर लादल्यामुळे रूढ झालेली दिसते.
४. आधुनिक पशुवैद्यकाने जुन्या पालकांच्या अनुभवाला पुष्टी दिली आहे.

समारोप

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० ने प्राण्याच्या कल्याणासाठी वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य त्याचा सांभाळ करणाऱ्यावर सोपविले आहे. कायद्याने क्रौर्य रोखता येते, अज्ञानातून होणारी इजा मात्र ज्ञानानेच रोखावी लागते. सशाला आंघोळ घालणारा मालक क्रूर नसतो. तो त्याच्या परीने प्रेमच करीत असतो. पण ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याचा देहधर्म जाणून घेणे, ही प्रेमाची पहिली अट आहे. बैलाची माया त्याला ओढ्यावर नेण्यात आहे, तर सशाची माया त्याची जागा कोरडी ठेवण्यात आहे. पशुपालनाच्या इतिहासातून मिळणारा हा धडा शाळा-महाविद्यालयांतून व पशुवैद्यकीय दवाखान्यांतून सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला, तर अनेक मुक्या जिवांचे प्राण वाचतील.